माउस थांबला की तुम्ही 'आयडल'! घरून काम करणाऱ्यांवर एआय लक्ष कसं ठेवतं आणि आपला कायदा काय सांगतो?

३०० सेकंद, म्हणजे बरोबर पाच मिनिटं. एवढा वेळ कीबोर्डचं एकही बटण दाबलं गेलं नाही आणि माउसही हलला नाही, तर स्क्रीनसमोरचा माणूस 'आयडल', म्हणजे रिकामा. पंधरा मिनिटं झाली की तो जागेवरच नाही असं धरायचं. कॉग्निझंट या आयटी कंपनीच्या काही प्रकल्पांमध्ये प्रोहान्स नावाचं सॉफ्टवेअर असा हिशोब ठेवतं, अशी बातमी नोव्हेंबर २०२५ मध्ये 'मिंट' या वृत्तपत्राने दिली. त्यावर कंपनीने सांगितलं की हे काही मोजक्या प्रकल्पांत आणि क्लायंटने मागितलं तरच वापरलं जातं. काम कोणत्या टप्प्यांतून जातं हे समजून घेण्यासाठी ते आहे, एकेका कर्मचाऱ्याचं मूल्यमापन करण्यासाठी नाही.

कॉग्निझंटचं मोठं केंद्र पुण्यात हिंजवडीत आहे. पण हा विषय हिंजवडीपुरता राहिलेला नाही. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरचं, पारनेर तालुक्यातलं सुपा घ्या. सुप्याची ओळख एमआयडीसीची. एसी बनवणारी कॅरियर मिदिया, शीतपेयं भरणारी वरुण बेव्हरेजेस अशा कंपन्यांचे कारखाने इथे आहेत. कारखान्यात लक्ष ठेवणं डोळ्यांना दिसतं. गेटवर पंचिंग होतं, शेडमध्ये सीसीटीव्ही असतो, सुपरवायझर फेरी मारतो आणि पाळी संपली की माणूस गेटबाहेर पडतो. आता समजा, याच सुप्यात कुणी मागच्या खोलीत लॅपटॉप घेऊन पुण्यातल्या किंवा टेक्सासमधल्या कंपनीसाठी काम करतंय. त्याला गेट नाही, सुपरवायझर नाही. त्या दोघांचंही काम लॅपटॉपमधलं एक छोटं सॉफ्टवेअर करतं, आणि पाळी संपल्यावर ते बंद होतं की नाही हे त्याला बहुतेक वेळा माहीत नसतं.

घरून काम इतकं कधी वाढलं?

कोरोनाआधी बीपीओमधल्या कर्मचाऱ्याला घरून काम करू देणं कागदोपत्रीच अवघड होतं. दूरसंचार विभागाच्या नियमांनुसार त्यासाठी कंपनीला एक कोटी रुपयांची सुरक्षा ठेव द्यावी लागायची. १३ मार्च २०२० ला, लॉकडाऊन लागण्याच्या अगदी तोंडावर, या अटींमध्ये सूट मिळाली आणि त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला नियमच सैल केले गेले. टीसीएसने तर एप्रिल २०२० मध्ये '२५ बाय २५' हे उद्दिष्ट जाहीर केलं. २०२५ पर्यंत कोणत्याही वेळी फक्त २५ टक्के कर्मचारी ऑफिसात असले तरी पुरेल, असा त्याचा अर्थ. प्रत्यक्षात उलटं झालं. ऑक्टोबर २०२३ पासून टीसीएसने आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात बोलावलं आणि २०२४ मध्ये तिमाहीच्या व्हेरिएबल पे ची सांगड हजेरीशी घातली.

मात्र घरून काम पूर्ण संपलं नाही. हायब्रीड नोकऱ्या राहिल्या, परदेशी कंपन्यांचं थेट काम राहिलं, फ्रीलान्सिंग वाढलं. आणि लॉकडाऊनमध्ये घाईघाईने लॅपटॉपवर टाकलेली देखरेखीची सॉफ्टवेअरं लोक ऑफिसात परतल्यावरही लॅपटॉपवरच राहिली.

हे सॉफ्टवेअर नेमकं काय टिपतं?

बाजारात प्रोहान्स, टेरामाइंड, हबस्टाफ, टाइम डॉक्टर, अ‍ॅक्टिव्हट्रॅक अशी बरीच नावं आहेत. इंग्रजीत त्यांची 'बॉसवेअर' म्हणून थट्टा होते. सगळी सारखी नाहीत आणि सगळं काही टिपतातच असंही नाही. कंपनी कोणती सोय चालू ठेवते यावर ते ठरतं.

सगळ्यात साधा प्रकार म्हणजे हालचाल मोजणं. दर मिनिटाला किती बटणं दाबली, माउस किती वेळा हलला. इथे एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा. 'किती' बटणं दाबली हे मोजणं वेगळं आणि 'कोणती' दाबली हे नोंदवणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला कीलॉगर म्हणतात. तो चालू असेल तर तुम्ही टाइप केलेला बँकेचा पासवर्ड किंवा बायकोला लिहिलेला मेसेजसुद्धा कंपनीच्या सर्व्हरवर जाऊ शकतो.

त्यापुढचा टप्पा म्हणजे समोर कोणतं अ‍ॅप उघडं आहे, कोणती वेबसाइट किती वेळ पाहिली आणि खिडकीच्या शीर्षकात काय लिहिलंय. मग स्क्रीनशॉट, दर काही मिनिटांनी किंवा अधूनमधून कधीही. काही सॉफ्टवेअरमध्ये वेबकॅमने फोटो काढण्याचीही सोय असते. टेलिपरफॉर्मन्स या कॉल सेंटर चालवणाऱ्या कंपनीने कोलंबियातल्या कर्मचाऱ्यांकडून घरात कॅमेरे लावायला संमती देणारे करार घेतल्याचं २०२१ मध्ये 'एनबीसी न्यूज'ने समोर आणलं होतं. घर म्हटलं की त्या कॅमेऱ्यात मुलं येतात, आजी येते, आणि त्यांनी कुठल्याही ऑफर लेटरवर सही केलेली नसते.

अशा अनेक सॉफ्टवेअरमध्ये 'स्टेल्थ मोड' असतो. म्हणजे ते चालू आहे हे वापरणाऱ्याला स्क्रीनवर कुठेच दिसत नाही.

मग यात एआय कुठून आलं?

मोजणी जुनीच आहे, तिचा अर्थ लावण्याचं काम आता एआयकडे गेलंय. पूर्वी हजार कर्मचाऱ्यांचे लाखो स्क्रीनशॉट जमायचे, पण ते बघायला माणूस नसायचा. त्यामुळे बहुतेक माहिती तशीच पडून राहायची. आता सॉफ्टवेअरच स्क्रीन वाचतं, अ‍ॅप 'उत्पादक' की 'अनुत्पादक' हे ठरवतं आणि दिवसाच्या शेवटी मॅनेजरसमोर एक टक्केवारी ठेवतं. यूट्यूब 'अनुत्पादक' गटात असेल तर तुम्ही तिथे कोडिंगचं ट्यूटोरियल बघत होतात की रील्स, हे त्या टक्केवारीत दिसत नाही.

दुसरं काम म्हणजे 'नेहमीपेक्षा वेगळं' शोधणं. तुमच्या कामाचा नेहमीचा साचा सॉफ्टवेअर शिकून घेतं. रोज दहाला लॉगिन करणारा माणूस एका रात्री दोन वाजता हजार फाइल डाउनलोड करायला लागला, तर इशारा जातो. डेटा चोरी पकडण्यासाठी हे खरोखर उपयोगी आहे. मात्र 'हा माणूस नोकरी सोडण्याच्या बेतात आहे का' हेही त्याच तंत्राने ताडण्याचा प्रयत्न होतो.

कॉल सेंटरमध्ये बदल सगळ्यात मोठा. आधी क्वालिटी टीम महिन्याचे मोजके कॉल ऐकून गुण द्यायची. आता प्रत्येक कॉल आपोआप मजकुरात उतरतो आणि त्याला गुण मिळतात. बोलण्याचा वेग, मधली शांतता, सूर यावरून 'सहानुभूती दाखवा' अशी सूचना कॉल चालू असतानाच स्क्रीनवर देणारी सॉफ्टवेअरंही आहेत. शिव्या देणाऱ्या ग्राहकाशी बोलताना आवाज सपाट झाला तर गुण कर्मचाऱ्याचे कमी होतात.

पुणे फक्त गिऱ्हाईक नाही

ही सगळी तंत्रं अमेरिकेतून आली आणि आपण फक्त सोसतो, असं समजायचं कारण नाही. कर्मचारी कॉम्प्युटरवर वेळ कुठे घालवतात हे मोजणारी सेपियन्स अ‍ॅनालिटिक्स ही कंपनी २००९ मध्ये पुण्यातच सुरू झाली, म्हणजे कोरोनाच्या दहा-अकरा वर्षं आधी. प्रोहान्सही भारतीयच. मागणी इथलीच होती. आयटी सेवा कंपन्यांचा धंदा परदेशी क्लायंटला माणसांचे तास विकण्यावर उभा आहे, आणि जो तास विकतो त्याला तास मोजावाच लागतो.

या मोजणीतून काय हाती लागतं, याचं एक चांगलं उदाहरण आहे. शिकागो विद्यापीठाचे मायकेल गिब्ज आणि एसेक्स विद्यापीठाचे दोन संशोधक यांनी आशियातल्या एका मोठ्या आयटी सेवा कंपनीतल्या १० हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांची कोरोनाच्या आधीची आणि नंतरची माहिती तपासली. ही माहिती कर्मचाऱ्यांच्या कॉम्प्युटरवरच्या अशाच मोजणीच्या सॉफ्टवेअरमधून आली होती. घरून काम सुरू झाल्यावर लोकांचे कामाचे तास वाढले, पण हातून बाहेर पडणारं काम वाढलं नाही, उलट थोडं घटलं. म्हणजे दर तासाची उत्पादकता कमी झाली. कारण? मीटिंगा वाढल्या आणि कुणी मध्ये न येता सलग काम करायचा वेळ कमी झाला.

लोक आळशी झाले, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. ते जास्त वेळ बसले होते. फक्त 'अ‍ॅक्टिव्ह' तास बघणाऱ्या मॅनेजरला मात्र त्या काळात सगळं छान चाललंय असंच वाटलं असतं.

कंपन्यांचं म्हणणं काय?

त्यांची बाजू सरळ उडवून लावण्यासारखी नाही. बँक किंवा हॉस्पिटलच्या ग्राहकांचा डेटा सुप्यातल्या एखाद्या घरात उघडला जात असेल, तर तो कोण बघतंय, कुठे कॉपी होतोय, हे कंपनीला कळायलाच हवं. क्लायंटच्या करारात तशी अट असते. मूनलायटिंगचा मुद्दाही आहेच. विप्रोचे रिशद प्रेमजी यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं होतं की प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी त्याच वेळी काम करणाऱ्या ३०० जणांना काढलं.

याच मोजणीचा एक वेगळा उपयोगही दिसला. इन्फोसिस कर्मचाऱ्यांना जास्त वेळ काम केल्याबद्दल मेल पाठवते, अशा बातम्या २०२५ मध्ये आल्या. घरून काम करताना दिवसाची सरासरी सव्वानऊ तासांपुढे गेली की एचआरचा मेल येतो, तब्येत सांभाळा म्हणून. आठवड्याला ७० तास काम करा असं ज्यांनी २०२३ मध्ये सांगितलं, त्या नारायण मूर्तींनी स्थापन केलेल्या कंपनीतून हा मेल यावा, यावर सोशल मीडियावर व्हायची ती थट्टा झालीच. पण सॉफ्टवेअर एकच असतं, त्यातून निघालेला आकडा कशासाठी वापरायचा हे माणसं ठरवतात, हे त्यातून नीट दिसतं.

अविश्वासही आहे. मायक्रोसॉफ्टच्या २०२२ च्या पाहणीत ८७ टक्के कर्मचारी म्हणाले की आम्ही नीट काम करतो. ८५ टक्के वरिष्ठ म्हणाले की हायब्रीड पद्धतीत लोक नीट काम करतायत याची खात्री वाटणं अवघड झालंय. त्याच मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये 'प्रॉडक्टिव्हिटी स्कोर' आणला होता, ज्यात व्यक्तीचं नाव आणि तिचा अ‍ॅपचा वापर दिसायचा. टीका झाल्यावर महिनाभराच्या आत त्यांनी त्यातली नावं काढून टाकली.

आकडा चुकतो कुठे?

पुन्हा सुप्यातल्या त्या खोलीत येऊ. दुपारी वीज जाते. लॅपटॉप बॅटरीवर चालू आहे, पण वायफायचा राउटर बंद पडलाय. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडणी होईपर्यंत दहा मिनिटं जातात. किंवा तो वही घेऊन एखाद्या अडलेल्या कोडचा नकाशा काढतोय. किंवा टीम लीडशी फोनवर बोलतोय. तिन्ही वेळा माउस थांबलेला आहे. पहिल्यात त्याचा दोष नाही, बाकी दोन तर चक्क काम आहे. सॉफ्टवेअरच्या लेखी तिन्ही 'आयडल'. याउलट कुणी अर्धा तास नुसता वर-खाली स्क्रोल करत बसला तर तो पूर्ण हिरवा.

मग लोक हिरवा दिवा सांभाळायला शिकतात. माउस आपोआप हलवणारं 'माउस जिगलर' नावाचं छोटं यंत्र ऑनलाइन सहज मिळतं. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने २०२४ मध्ये डझनाहून जास्त लोकांना कीबोर्ड चालू असल्याचा आभास निर्माण केल्याबद्दल काढून टाकलं. आता जिगलर ओळखण्यासाठी एआय आहे, कारण यंत्राने हलवलेला माउस माणसाइतका वेडावाकडा हलत नाही. दोन्हीकडून पैसा आणि डोकं लागतंय ते काम झालं की नाही हे सोडून दुसऱ्याच गोष्टीवर.

फ्रीलान्सरसाठी तर हा आकडा म्हणजे थेट पगार. अपवर्कवर तासाच्या हिशोबाने काम घेतलं की 'वर्क डायरी' चालू ठेवावी लागते. ती दर दहा मिनिटांच्या तुकड्यात एक स्क्रीनशॉट घेते आणि बटणं-माउसची हालचाल मोजते. नको असलेला स्क्रीनशॉट तुम्ही काढून टाकू शकता, पण मग त्या दहा मिनिटांचे पैसेही जातात. तरी मला यात एक गोष्ट बरी वाटते. फ्रीलान्सरला स्वतःची नोंद दिसते, आणि क्लायंटने पैसे बुडवायचा प्रयत्न केला तर तीच नोंद पुरावा म्हणून पुढे करता येते. नोकरीतल्या बहुतेकांना स्वतःबद्दल काय नोंदवलं गेलंय हेच दिसत नाही.

तसं बघायला गेलं तर हे भांडण मुंबईने फार आधी पाहिलंय. १९२८ मध्ये गिरण्यांमध्ये 'एफिशियन्सी' पद्धत आली. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळायचे, कताई खात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू बघायच्या. त्याविरुद्ध एप्रिल ते ऑक्टोबर असा जवळपास सहा महिने सुमारे दीड लाख कामगारांचा संप चालला आणि त्यातूनच गिरणी कामगार युनियन उभी राहिली. मोजमापाची पद्धत कोण ठरवणार आणि त्यावर कामगाराला बोलता येणार की नाही, हाच वाद तेव्हाही होता. फरक एवढाच की गिरणी कामगारांना वाढलेला माग समोर दिसत होता.

हे फक्त लॅपटॉपवाल्यांचं आहे का?

अजिबात नाही. पारनेर तालुक्यातल्या एखाद्या गावात विचारलं तर देखरेखीचं अ‍ॅप आधी अंगणवाडी सेविकेच्या फोनमध्ये सापडेल. मार्च २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' आलं. अ‍ॅप इंग्रजीत आणि सरकारने दिलेले फोन निकृष्ट, म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो अ‍ॅपवर टाकणं सक्तीचं झालं. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच पत्रक काढून सांगावं लागलं की भलतेच फोटो आणि फोटोचेच फोटो अपलोड होतायत. ऑगस्ट २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी महसूल खात्यातल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांना 'फेस अ‍ॅप'वर हजेरी सक्तीची केली, हजेरी नाही तर पगार नाही.

तलाठी सज्जावर सापडत नाही ही तक्रार ग्रामीण भागात कुणीही करेल, त्यामुळे फेस अ‍ॅपचं अनेकांनी स्वागत केलं असेल तर नवल नाही. अडचण येते ती रेंज नसताना.

आपला कायदा काय म्हणतो?

खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ ला दिला. पण मूलभूत अधिकार प्रामुख्याने सरकारविरुद्ध वापरता येतात. खासगी कंपनीसाठी वेगळा कायदा लागतो. तो म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होणार आहेत.

या कायद्याचा पाया संमती हा आहे. तुमची माहिती घ्यायची तर आधी विचारायचं. पण कलम ७ मध्ये काही अपवाद आहेत आणि त्यातला एक थेट नोकरीचा आहे. नोकरीच्या कारणासाठी, किंवा मालकाचं नुकसान टाळण्यासाठी, उदाहरणार्थ व्यापारी गुपितं फुटू नयेत म्हणून, कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरता येते.

इथवर बहुतेक बातम्यांमध्ये आलंय. पुढचा भाग कमी चर्चेत आहे, आणि मला तो जास्त गंभीर वाटतो. स्वतःची माहिती मागण्याचा अधिकार कलम ११ मध्ये आहे, ती दुरुस्त करून घेण्याचा कलम १२ मध्ये. हे दोन्ही अधिकार ज्या माहितीसाठी तुम्ही संमती दिली होती तिच्याबाबतच आहेत. म्हणजे कंपनीने नोकरीच्या अपवादाखाली माहिती गोळा केली, तर 'माझ्याबद्दल काय नोंदवलंय ते दाखवा' किंवा 'त्या दिवशी वीज गेली होती, आयडलची नोंद दुरुस्त करा' असं या कायद्याच्या आधारे म्हणता येत नाही. माहिती सुरक्षित ठेवणं मात्र कंपनीला बंधनकारक आहे. त्यात कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

कामगार कायद्यांकडून थोडा आधार मिळतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार पगारातून मनाला येईल तशी कपात करता येत नाही. दंड करायचा तर तो कोणत्या गोष्टींसाठी होईल हे सरकारच्या मंजुरीने आधी जाहीर केलेलं असावं लागतं, कर्मचाऱ्याला बाजू मांडू द्यावी लागते आणि दंड त्या काळातल्या वेतनाच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. गैरहजेरीची कपातही गैरहजेरीच्या प्रमाणातच हवी. पाच मिनिटं माउस न हलणं म्हणजे गैरहजेरी का, हे मात्र त्यात कुठे लिहिलेलं नाही.

तासांचं बघायचं तर महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात, २०१७, दिवसाला ९ तासांची मर्यादा होती. ती १० करण्याला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. कामाच्या वेळेनंतर फोन-मेल न घेण्याच्या अधिकाराचं विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत मांडलं. ते खासगी विधेयक आहे, आणि खासगी विधेयकांचा कायदा होणं आपल्याकडे फार दुर्मीळ.

बाहेर काय चाललंय?

फ्रान्समधलं एक प्रकरण आपल्या विषयाशी अगदी जुळतं. तिथल्या डेटा संरक्षण संस्थेने, सीएनआयएलने, डिसेंबर २०२४ मध्ये रिअल इस्टेटमधल्या एका कंपनीला ४० हजार युरोंचा दंड केला. कंपनीचं सॉफ्टवेअर कीबोर्ड-माउस ३ ते १५ मिनिटं थांबला की 'निष्क्रिय' अशी नोंद करायचं, स्क्रीनशॉट घ्यायचं, आणि तो वेळ भरून काढला नाही तर पगार कापला जाऊ शकत होता. संस्थेने म्हटलं की मीटिंग किंवा फोनवर असलेला माणूसही यात निष्क्रिय ठरतो, म्हणून या पद्धतीने कामाचा वेळ मोजताच येत नाही.

नेदरलँड्समध्ये चेटू या अमेरिकी कंपनीने दिवसाचे नऊ तास वेबकॅम चालू ठेवायला नकार देणाऱ्या कर्मचाऱ्याला काढलं. २०२२ मध्ये तिथल्या न्यायालयाने ते बेकायदा ठरवून सुमारे ७५ हजार युरो द्यायला लावले. युरोपियन युनियनच्या एआय कायद्याने तर २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी एआयने भावना ओळखण्यावरच बंदी आणली आहे. फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांना सूट आहे.

तुम्ही काय करू शकता?

कंपनीने दिलेला लॅपटॉप कंपनीचाच आहे असं धरून चाला. त्यावर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडं असेल तर स्क्रीनशॉटमध्ये तुमचे घरचे मेसेजही येतात. बँकेचं काम, डॉक्टरांचे रिपोर्ट, दुसऱ्या नोकरीचा अर्ज हे सगळं स्वतःच्या फोनवर करा आणि तेही कंपनीच्या व्हीपीएनवर नको. टीम्स किंवा स्लॅकवर एकट्याला केलेला 'पर्सनल' मेसेजही कंपनीच्या अ‍ॅडमिनला काढून बघता येऊ शकतो. कंपनीचं अ‍ॅप स्वतःच्या अँड्रॉइड फोनवर टाकायला सांगितलं असेल तर 'वर्क प्रोफाइल' मागा. त्यात कामाची अ‍ॅप वेगळ्या कप्प्यात राहतात आणि तुमचे फोटो, मेसेज कंपनीला दिसत नाहीत.

जिगलरच्या भानगडीत पडू नका. पकडलं गेलं तर विषय तुमच्या कामाचा राहत नाही, फसवणुकीचा होतो.

घरून करायच्या नोकरीची ऑफर आली असेल तर सही करण्याआधी एचआरला मेलवर विचारा की कोणतं सॉफ्टवेअर असेल, कीलॉगर आणि वेबकॅम चालू असतील का, लॉगआउट झाल्यावरही नोंद होते का, नोंदी किती दिवस ठेवल्या जातात आणि त्यावरून पगार किंवा रेटिंग ठरतं का. तोंडी उत्तरावर थांबू नका. अमेरिकी क्लायंटच्या नावाने सगळं झटकलं गेलं तर निदान ते लेखी झटकलेलं असू द्या.

नोंद बघायचा कायदेशीर हक्क नसला तरी स्वतःची नोंद ठेवायला कुणी अडवलेलं नाही. वीज कधी गेली, नेट कधी बंद पडलं, फोनवर कुणाशी किती वेळ बोललात, हे त्याच दिवशी टीम लीडला दोन ओळींच्या मेलमध्ये कळवून ठेवा. पगार कापला गेला किंवा राजीनामा मागितला गेला तर कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते. पुण्यातून काम करणारी 'नाइट्स' ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना अशा तक्रारी पुढे नेते. टीसीएसमधल्या २०२५ च्या नोकरकपातीविरुद्ध केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तीच गेली होती. अशा वेळी तारखांसकट पाठवलेले ते दोन ओळींचे मेल कामाला येतात.